बांधकाम साइटवरील अपघात आणि आजारांच्या नोंदी: मध्यम आकाराच्या कामासाठी एक कार्यपद्धती

इंदूरच्या बायपासवर, सुपर कॉरिडॉरवर आणि राऊच्या बाजूला जी निवासी बांधकामे उभी राहत आहेत, त्यांतील बऱ्याच ठिकाणी साइट ऑफिसात अपघात नोंदवही असते. ती टेबलाच्या खणात असते, पहिल्या पानावर फर्मचा शिक्का असतो, आणि आत प्रत्येक महिन्यापुढे 'निरंक' लिहिलेले असते. शंभर-सव्वाशे माणसे सहा महिने उंचावर, सळयांच्या टोकांमध्ये आणि तात्पुरत्या वायरिंगच्या आसपास काम करतात आणि एकाच्याही तळपायात खिळा जात नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. अशा वहीतील 'निरंक'चा अर्थ बहुधा एवढाच असतो की कोणी विचारले नाही आणि म्हणून कोणी सांगितले नाही.

पुढील मार्गदर्शन अशा कामांसाठी आहे, जेथे एका वेळी साधारण 50 ते 150 माणसे असतात, एक साइट इंजिनिअर, एक सुपरवायझर आणि एक स्टोअरकीपर एवढाच कर्मचारीवर्ग असतो आणि स्वतंत्र सुरक्षा अधिकारी ठेवणे मालकाला परवडत नाही, किंवा निदान तसे तो म्हणतो. इंदुरातील मराठी इंजिनिअर, आर्किटेक्ट, बांधकाम व्यावसायिक, तसेच स्वतःची जुनी इमारत पाडून नवी बांधायला दिलेल्या सोसायट्यांचे पदाधिकारी यांना ही पद्धत लगेच सुरू करता यावी, इतपत ती साधी ठेवली आहे. त्यासाठी दोन जाड रजिस्टरे, फोनचा कॅमेरा, एक स्प्रेडशीट आणि दिवसाची पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

आधी निर्णय, मग रकाने

फॉर्म आधी छापून घ्यायचा आणि त्याचे काय करायचे ते नंतर पाहायचे, या क्रमाने सुरू केलेल्या नोंदी दोन-तीन महिन्यांत बंद पडतात. म्हणून कागद हातात घेण्यापूर्वी साइट इंजिनिअर, मालकाचा प्रतिनिधी आणि मुख्य ठेकेदार यांनी एकत्र बसून पुढील सहा महिन्यांत सुरक्षिततेबाबत कोणते निर्णय घ्यावे लागणार आहेत, ते लिहून काढावे. सात-आठ मजली कामात ते सहसा असे निघतात: जाळ्या आणि कठड्याचे पाइप मोजकेच असताना ते आधी कोणत्या मजल्यावर लावायचे, नव्याने आलेल्या माणसाला किती दिवसांनी परांचीवर चढू द्यायचे, मे महिन्यात दुपारचे काम केव्हा थांबवायचे, ग्रॅनाइट आणि टाइल्स कोठे आणि कशा कापायच्या, पुढचे काम कोणत्या पेटी ठेकेदाराला, म्हणजे मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली एकेक काम घेणाऱ्या छोट्या ठेकेदाराला, द्यायचे. प्रत्येक निर्णयापुढे त्यासाठी हाताशी असावी लागणारी माहिती लिहावी आणि फॉर्ममध्ये तेवढेच रकाने ठेवावेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार फॉर्मात चाळीस रकाने सापडतात आणि त्यांत जखमीची वैवाहिक स्थितीही विचारलेली असते. तो या साइटवर किती दिवसांपासून आहे, हे मात्र अनेकदा विचारलेले नसते. माझ्या मते तो एकच रकाना इतर दहांपेक्षा मोलाचा आहे, आणि त्याचे कारण लगेच पुढे येईल.

हजेरीपटावर कोण नाही, ते पाहा

दोन साइटवर प्रत्येकी तीन अपघात झाले असतील, तर त्यांतील अधिक धोकादायक कोणती, हे तेथे किती माणसांनी किती तास काम केले ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. या मनुष्यतासांचा हिशेब हा सगळ्या पद्धतीचा पाया आहे, आणि नेमका तोच सर्वांत कच्चा राहतो. मुख्य ठेकेदाराच्या पटावर सेंट्रिंगवाले, सळईवाले आणि गवंडी असतात. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, लिफ्ट बसवणारे, पुट्टी-रंगवाले, काँक्रीट पंपाबरोबर आलेली माणसे आणि नवऱ्याच्या जोडीने राबणारी, पण जिच्या नावाने वेगळी हजेरी लागत नाही अशी बायको, ही मंडळी त्या पटावर सापडत नाहीत. जागेची ओळख सर्वांत कमी असते ती यांतल्याच अनेकांना.

उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे पगाराच्या पटावर विसंबून न राहता गेटवर रजिस्टर ठेवणे. चौकीदाराने आत येणाऱ्या प्रत्येकाचा क्रमांक, काम, ठेकेदार आणि येण्या-जाण्याची वेळ लिहावी. पहिल्या दिवशी सुपरवायझरने प्रत्येकाला एक साइट क्रमांक द्यावा आणि त्यापुढे नाव, वय, गाव, घरच्या एका माणसाचा फोन, याआधी केलेली कामे आणि या साइटवरील पहिल्या दिवसाची तारीख लिहावी. ज्याचा क्रमांक नाही तो आत जाणार नाही, हा नियम पहिले आठ दिवस कटकटीचा वाटतो आणि पुढे अंगवळणी पडतो.

पहिल्या दिवसाची तारीख महत्त्वाची अशासाठी की नवख्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत इजा होण्याची शक्यता जुन्यापेक्षा बरीच अधिक असते. ही गोष्ट देशोदेशींच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळली आहे. इंदूरच्या साइटना ती विशेष लागू पडते. येथे मोठ्या संख्येने माणसे झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडून येतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया हाट भरले की, आणि पुन्हा पहिला पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्या की, साइट अर्धी रिकामी होते. परत येणाऱ्या टोळीत निम्मे चेहरे नवे असतात, परंतु मुकादम तोच असल्यामुळे सुपरवायझरला टोळी जुनीच वाटते. पहिल्या दिवसाची तारीख लिहिलेली असेल, तर होळीनंतरच्या सोमवारी किती जण खऱ्या अर्थाने नवे आहेत हे पाच मिनिटांत कळते आणि त्यांना पहिला आठवडा खालच्याच कामावर ठेवता येते.

या रजिस्टराचा कामगारालाही सरळ उपयोग आहे. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि गेटच्या नोंदीवरून तो कोणालाही बिनचूक देता येतो. हे माणसांना समजले की आपला क्रमांक लिहिला गेला की नाही, हे ती स्वतःच चौकीदाराला विचारू लागतात.

घटना कशी लिहावी

काय 'घटना' मानायचे, हे सुरुवातीलाच ठरवून चार पातळ्या कराव्यात. पहिलीत थोडक्यात टळलेले अपघात येतात, म्हणजे वरून वीट पडली पण खाली कोणी नव्हते. दुसरीत प्रथमोपचारावर भागलेल्या जखमा येतात. पुढच्या पाळीला माणूस कामावर येऊ शकला नाही, तर ती तिसरी पातळी. आणि मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व ही चौथी. कायद्याची रेषा तिसऱ्या पातळीच्या आत कोठेतरी पडते: 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही, मृत्यू किंवा 48 तास अथवा अधिक काळ काम करता येणार नाही अशी दुखापत झाल्यास ती कळवणे मालकावर बंधनकारक केले आहे. 1998 च्या केंद्रीय नियमांत मृत्यूची सूचना 4 तासांत आणि इतर अपघातांची 72 तासांत देण्याची मुदत होती. संहितेखालील नियमांप्रमाणे नमुने आणि मुदती बदलू शकतात. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचे कार्यालय इंदुरातच आहे, तेव्हा चालू नमुना तेथून आणून साइट ऑफिसच्या भिंतीवर लावून ठेवावा. अपघाताच्या दिवशी तो शोधायला कोणाला सुचत नाही.

आता नोंदीच्या मजकुराकडे वळू. उदाहरणादाखल एकच घटना दोन प्रकारे लिहिलेली पाहू. नेहमीच्या वहीत ती अशी असते: 'मजूर निष्काळजीपणामुळे पडला. पायाला मार. दवाखान्यात नेले.' तीच पुढीलप्रमाणे लिहिता येते:

'12 तारीख, सकाळी 11.20. चौथा मजला, जिन्यालगतचा प्लंबिंग डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी). विटांचे घमेले डोक्यावर घेऊन येणाऱ्या कामगाराचा उजवा पाय डक्टमध्ये गेला. कडेच्या सळईला हात लागल्याने तो खाली पडला नाही. नडगी खरचटली, घोट्याला सूज. डक्टवरचा प्लाय सकाळी 9 च्या सुमारास पाइप सोडण्यासाठी काढला होता. पाइप वर आल्यामुळे तो पुन्हा बसत नव्हता, म्हणून भिंतीला टेकवून ठेवला. डक्टपाशी बल्ब नाही. कामगाराचा साइटवरील तिसरा दिवस. फोटो दोन.'

पहिल्या नोंदीवरून कामगाराला रागावण्यापलीकडे काही करता येत नाही. दुसरीवरून मात्र त्याच दुपारी करण्याजोगी कामे निघतात: पाइप वर आले की जुना प्लाय बसणार नाही, ही अडचण सगळ्या मजल्यांवर येणार आहे, तेव्हा खाच कापलेले नवे झाकण प्लंबरने डक्ट उघडण्यापूर्वीच तयार असले पाहिजे, आणि ते लावल्याशिवाय त्याचे त्या मजल्याचे काम पूर्ण झाले असे धरायचे नाही. 'निष्काळजीपणा' हा शब्द नोंदवहीत वापरायला बंदीच घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तो लिहिला की चौकशी तेथेच संपते.

ही माहिती मिळते ती विचारण्याच्या ढंगावर. इंदूरच्या साइटवरील बोलणे हिंदीत, निमाडीत, भिलीत चालते. 'प्लाय किसने हटाया?' असे विचारले की समोरचा गप्प होतो किंवा सुट्टीवर गेलेल्या माणसाचे नाव सांगतो. 'भैया, प्लाय हटाना क्यों पड़ा?' असे विचारले तर पाइपाची गोष्ट बाहेर येते. जखमी माणसाशी एकट्याने, मुकादम जवळ नसताना, शक्य तर त्याच दिवशी बोलावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी सुपरवायझरच्या फोनवर व्हॉइस मेसेज पाठवण्याची सोय ठेवावी, कारण पेटीत चिठ्ठी टाका असे त्यांना सांगणे व्यर्थ आहे.

इजा सांगितली तर रोजी बुडते, ही भीती असेपर्यंत कोणताही फॉर्म भरला जाणार नाही. ज्या दिवशी इजा झाली त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची, आणि टळलेला अपघात कळवणाऱ्याला त्याबद्दल बोल लावायचा नाही, हे मालकाने सगळ्यांसमोर सांगून पाळले पाहिजे. काही ठिकाणी महिनाभर अपघात न झाल्यास टोळीला बक्षीस देण्याची पद्धत असते. हेतू चांगला असला तरी तिचा परिणाम असा होतो की बक्षिसासाठी सारी टोळी मिळून जखम लपवते. बक्षीस द्यायचेच असेल तर कळवलेल्या धोक्यांवर द्यावे. पहिल्या दोन महिन्यांत टळलेल्या अपघातांच्या नोंदी वाढल्या तर घाबरू नये. माणसे बोलू लागल्याचे ते चिन्ह आहे.

जखमीला जर एमवाय रुग्णालयात किंवा अन्य दवाखान्यात नेले असेल, तर तेथील कागदांवर घटनेचे वर्णन काय लिहिले गेले हे वाचून घ्यावे. 'गिरने से चोट' एवढेच लिहिलेले असेल आणि कामावर असताना पडल्याचा उल्लेख नसेल, तर पुढे भरपाईच्या वेळी कुटुंबाला ते जड जाते. सार्वजनिक आकडेवारीतही हीच उणीव पुढे सरकते: राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात इमारत कोसळणे, उंचावरून पडणे, विजेचा धक्का असे वर्ग असतात, परंतु त्यांवरून बांधकाम कामगारांचे मृत्यू वेगळे काढता येत नाहीत.

आठवड्याची फेरी

अपघात सुदैवाने थोडे होतात, त्यामुळे केवळ त्यांवर नजर ठेवून शिकायचे तर फार वाट पाहावी लागते आणि मधल्या काळात कोणीतरी किंमत मोजतो. म्हणून अपघातापूर्वीची स्थिती मोजावी. फिनलंडमध्ये 1990 च्या दशकात बांधकामांसाठी बसवलेल्या टीआर पद्धतीचे तत्त्व येथे तसेच्या तसे वापरता येते: ठरलेल्या मार्गाने साइटवरून फिरायचे, दिसणारी प्रत्येक बाब 'योग्य' किंवा 'अयोग्य' म्हणून मोजायची, आणि योग्य बाबींना एकूण बाबींनी भागून टक्केवारी काढायची. समजा फेरीत 60 बाबी पाहिल्या आणि 47 योग्य निघाल्या, तर निर्देशांक 78 टक्के आला. 'सुरक्षा बरी आहे' या अभिप्रायापेक्षा हा आकडा बरा, कारण पुढच्या आठवड्याशी त्याची तुलना होऊ शकते.

बाबी मोजक्या घ्याव्यात. मजल्यांच्या उघड्या कडा, डक्ट आणि लिफ्टचे खड्डे. परांचीच्या फळ्या, आडवे दांडे आणि चढण्याची जागा. उंचीवरील माणसाचा बेल्ट, आणि तो खरोखर कोठे अडकवला आहे ते. तात्पुरते वीज बोर्ड, जोड दिलेल्या वायरी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) चाचणीचे बटण दाबल्यावर पडतो की नाही ते. वर तोंड करून उभ्या सळयांच्या टोकांवर टोप्या आहेत का. जाण्यायेण्याच्या वाटेतील राडारोडा. बेल्टच्या बाबतीत डोळे उघडे ठेवावेत, कारण फोटोपुरता कमरेला बांधलेला आणि कोठेही न अडकवलेला बेल्ट 'योग्य' म्हणून मोजण्याचा मोह सर्वांनाच होतो.

पायाच्या टप्प्यावर खोदाईसाठी वेगळे पान करावे. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून घट्ट, उभी कापल्यासारखी दिसते आणि पहिल्या जोरदार पावसानंतर तीच कड ढासळते. दीड मीटरहून खोल प्रत्येक चरासाठी उतार किंवा आधार दिला आहे का, खोदलेली माती कडेपासून किती दूर टाकली आहे, बाहेर पडायला शिडी कोठे आहे आणि रात्री पाऊस झाला होता का, एवढे रोज सकाळी माणूस आत उतरण्यापूर्वी टिपावे. येथे आठवड्याची फेरी पुरत नाही.

फेरी दर आठवड्याला त्याच वाराला केली की त्या दिवशी सगळे हेल्मेट घालून बसतात. वार बदलता ठेवावा, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या साइटच्या इंजिनिअरकडून करून घ्यावी. दोघांच्या टक्केवारीत मोठा फरक पडला तर 'योग्य' कशाला म्हणायचे यावर दोघांनी जागेवर उभे राहून बोलावे.

आरोग्य: जे उशिरा दिसते

अपघात त्या क्षणी दिसतो, आजार साइट संपल्यावर दिसतो. त्यामुळे आरोग्याच्या नोंदींत आजारी माणसे मोजण्यापेक्षा माणसे कशाच्या संपर्कात आहेत ते मोजणे अधिक उपयोगी पडते.

उष्णतेपासून सुरुवात करावी. इंदुरात एप्रिलच्या उत्तरार्धापासून पावसापर्यंत दुपारचे तापमान 40 अंशांच्या घरात जाते, आणि स्लॅबवर, पत्र्यांच्या मध्ये ते त्याहून अधिक जाणवते. हवामान खात्याचा शहराचा आकडा न लिहिता जेथे काम चालले आहे तेथे सकाळी 11, दुपारी 2 आणि 4 वाजता मोजून लिहावे. हवेतील दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरणारे वेट बल्ब ग्लोब तापमानाचे यंत्र मिळाले तर उत्तम. त्याबरोबर पाण्याची जागा कामापासून किती लांब आहे आणि कॅम्पर किती वेळा भरला गेला, ते टिपावे, कारण सात मजले उतरून कोणी पाणी प्यायला जात नाही. दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी, हे प्रमाण धरून प्रत्येक मजल्यावर पाणी पोहोचले का, ते तपासता येते. चक्कर, पायात गोळे, उलटी अशा तक्रारी घटनावहीतच पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवर लिहाव्यात. येथेही 'साइटवरील कितवा दिवस' हा रकाना उपयोगी पडतो: अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था निऑशच्या सल्ल्याप्रमाणे नव्या माणसाने कडक उन्हात पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या 20 टक्केच काम करावे आणि रोज जास्तीत जास्त 20 टक्क्यांनी ते वाढवावे.

झाबुआ-अलीराजपूरच्या पट्ट्यातील आदिवासी समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच झाला. शरीरातील पाणी कमी झाल्यावर या आजाराच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. कोणाला हा आजार आहे, हे साइट इंजिनिअरला कळण्याची गरज नाही. डॉक्टरला कळावे आणि त्याने माणसाला योग्य काम सुचवावे.

दुसरा मोठा विषय सिलिकाच्या धुळीचा आहे. ग्रॅनाइट कापणे, काँक्रीट घासणे, भिंतीला खाचा पाडणे आणि कोरड्या झाडूने झाडणे यांतून उडणारी बारीक धूळ फुप्फुसात साठते, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि क्षयाचा धोका वाढतो. सिलिकोसिस सहसा अनेक वर्षांनी उघड होतो आणि बरा होत नाही. माळव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे: झाबुआ, अलीराजपूर, धारमधील अनेक जण पूर्वी गुजरातेत गोध्रा आणि बालासिनोरकडील क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात, त्यांतील कित्येक सिलिकोसिसने दगावले आणि हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणून पहिल्या दिवशीच्या 'याआधी केलेली कामे' या रकान्यात दगड, क्वार्ट्झ, क्रशर यांविषयी नाव घेऊन विचारावे, आणि उत्तर होकारार्थी आल्यास त्या माणसाला कटिंगवर न लावता डॉक्टरकडून छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) करून घ्यावी. हवेतील सिलिका मोजायला अंगावर लावायचा पंप आणि प्रयोगशाळा लागते. जवळची जाणती संस्था म्हणजे अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था. अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला 50 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. लहान कामाला हे मोजमाप झेपणार नाही, परंतु कटिंगच्या किती यंत्रांना पाणी किंवा व्हॅक्यूम जोडलेला आहे आणि किती कोरडी चालतात, हे आठवड्याच्या फेरीत कोणीही मोजू शकतो, आणि बहुतेक निर्णयांना तेवढे पुरते.

आवाजासाठी एक ठोकताळा ठेवावा: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर त्या कामाची नोंद करून कानात प्लग द्यावेत.

हिशेब, आणि त्याच्या मर्यादा

भारतीय मानक 3786 मध्ये अपघातांच्या दराची सूत्रे दिली आहेत. वारंवारता दर म्हणजे काम बुडवणाऱ्या दुखापती गुणिले 10 लाख, भागिले एकूण मनुष्यतास; तीव्रता दर काढताना दुखापतींच्या जागी बुडालेले दिवस घ्यायचे, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व यासाठी 6000 दिवस धरायचे. समजा 120 माणसांनी रोज 9 तास, महिन्याला 26 दिवस, असे सहा महिने काम केले. मनुष्यतास झाले 1,68,480. या काळात 3 दुखापती झाल्या आणि 41 दिवस बुडाले, तर वारंवारता दर 17.8 आणि तीव्रता दर 243 येतो.

आता हाच दर नीट पाहा. एक दुखापत कमी असती तर तो 11.9 असता, एक अधिक असती तर 23.7. संख्याशास्त्राच्या हिशेबाने 3 घटनांमागचा खरा सरासरी आकडा 1 पेक्षा कमीही असू शकतो आणि जवळजवळ 9 ही असू शकतो. त्यामुळे एवढ्या लहान साइटवर 'या सहामाहीत दर तीस टक्क्यांनी उतरला' असे सांगून मालकाने पाठ थोपटून घेणे निरर्थक आहे. हा दर वर्षभराच्या किंवा चार-पाच साइटच्या एकत्र बेरजेवर काढावा. महिन्याच्या निर्णयांसाठी फेरीची टक्केवारी आणि टळलेल्या अपघातांचे वर्णन वापरावे. गेटचे रजिस्टर नसेल आणि केवळ मुख्य ठेकेदाराच्या पटावरील 70 माणसे धरली, तर त्याच 3 दुखापतींचा दर 30.5 येतो, म्हणजे साइट तीच, अपघात तेच, आणि आकडा पावणेदोन पट.

स्प्रेडशीटमध्ये तीनच तक्ते काढावेत: घटना कोणत्या जागी, दिवसाच्या कोणत्या तासाला आणि साइटवरील कितव्या दिवशी झाल्या. नकाशाची प्रिंट काढून त्यावर लाल टिंबे लावली तर मालकाला तक्त्यापेक्षा लवकर समजते.

सोमवारची बैठक आणि कागद कोणाकडे

दर सोमवारी काम सुरू होण्यापूर्वी पंधरा मिनिटे, मुख्य ठेकेदार, सर्व पेटी ठेकेदार आणि प्रत्येक टोळीतील एक कामगार यांनी उभ्यानेच भेटावे. गेल्या आठवड्याच्या घटना वाचाव्यात, नावे न घेता. त्यांवर काय करायचे, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहावे, आणि पुढच्या सोमवारी ते झाले का यापासूनच सुरुवात करावी. डक्टची झाकणे लावायचे ठरले आणि तीन आठवडे ती लागली नाहीत, तर कामगार पुढच्या गोष्टी सांगणार नाहीत. पेटी ठेकेदाराच्या करारात नोंदी देण्याची अट घालावी आणि बिलाबरोबर मनुष्यतासांचा कागद मागावा. बिल अडले की नोंदी आपोआप येतात, हा या धंद्यातील जुना अनुभव आहे.

वैद्यकीय कागद मात्र साइट ऑफिसात ठेवू नयेत. ते डॉक्टरकडे राहावेत आणि साइटला केवळ 'उंचीच्या कामास योग्य', 'मर्यादांसह योग्य' किंवा 'सध्या अयोग्य' एवढा शेरा मिळावा. आधारच्या झेरॉक्स उघड्या फायलीत पडलेल्या असतात, त्या मुळात गोळा करण्याचीच गरज बहुधा नसते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने डिजिटल माहिती कोणत्या कामासाठी घेतली हे सांगणे आणि साधारणपणे संमती घेणे केवळ शिष्टाचारापुरते ठेवलेले नाही. संमती घेताना ती माणसाच्या भाषेत, तोंडी समजावून घ्यावी. 'अयोग्य' शेरा मिळालेल्याला घरी पाठवण्याऐवजी खालच्या मजल्यावरचे काम त्याच मजुरीवर द्यावे, अन्यथा पुढच्या तपासणीला कोणी खरे सांगणार नाही.

काम संपल्यावर गेटचे रजिस्टर आणि घटनावही फर्मच्या मुख्य कार्यालयात जपून ठेवावी, कारण भरपाईचे दावे आणि सिलिकोसिसची निदाने वर्षांनंतर येतात. प्रत्येक कामगाराला जाताना कामाच्या दिवसांचा दाखला, आणि तपासणी झाली असल्यास एक्स-रे व अहवालाची प्रत त्याच्या हातात द्यावी.